मुठीच्या वर एक हात

६ नोव्हेंबर, गुरुवार

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते परवा मंगळवारी, सकाळी सव्वासात वाजता. पेन्सिल मोडावी तसा 'टक्' आवाज झाला आणि तिच्या रॉडचे माझ्या हातात दोन तुकडे झाले. कॉलेज अर्ध्यात सोडून प्राचार्यांच्या खोलीचं दार आपटलं होतं, तेव्हासुद्धा एवढं काही बदललं नव्हतं. तेव्हा फक्त आई रडली होती आणि तुम्ही हसला होतात.

'ती' कोण हे आईने तुम्हाला तिखटमीठ लावून कळवलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐका. मी ज्या बोटीवर कामाला आहे तिच्या कप्तानाची मुलगी. बोट लहान, सहा पाहुण्यांची. हौशी लोकांना आम्ही सकाळी किनाऱ्याच्या कडेकडेने, खडकांजवळच्या उथळ पाण्यात मासे धरायला नेतो. कप्तान इंजिनाशी असतो. ती पुढे उभी राहून पाहुण्यांना गळ टाकायला शिकवते. मी दोर ओढतो, बादल्या धुतो आणि तिच्याकडे बघतो.

मंगळवारी एका पाहुण्याचा दोरा गुंतला. तो सोडवायला जाताना तिने आपला रॉड माझ्या हातात दिला, आणि नेमका तेव्हाच मासा लागला. मोठा होता मामा, खोटं नाही सांगत. बोटीच्या अगदी कडेला आणला मी त्याला. ती ओरडून सांगत होती की जाळी घे, जाळी घे. पण सहा पाहुणे बघत होते आणि तीही बघत होती. मी रॉड सरळ वर उचलला. पुढचं वर लिहिलंच आहे. मासाही गेला.

रॉड तसा जुनाच होता, सहा वर्षं वापरलेला. आत कुठे चीर असणार. तसं मी कप्तानाला लगेच सांगितलंही.

आता मला तिच्यासाठी असा रॉड हवा की तिने पहिला विसरावा. तुमचा जन्म गेला रॉड दुरुस्त करण्यात. तेव्हा उपदेश न करता एका ओळीत कळवा, सगळ्यात उत्तम कोणता?

उत्तराची उभ्या उभ्या वाट बघतो आहे. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायचा तर रॉड मिळाल्यावर वाढवा.

तुमचा भाचा

*

११ नोव्हेंबर

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मामी म्हणाली, या मुलाचं अक्षर प्रेमात पडल्यावर सुधारलं. मी म्हणालो, अक्षर सुधारलं पण घाई तशीच आहे.

सगळ्यात उत्तम रॉड असा नसतो रे. कोणासाठी उत्तम, ते आधी. किनाऱ्यावर उभं राहून लांब फेकायचं तर लांब रॉड लागतो. तुम्ही बोटीने माशाच्या दारातच जाता, तुम्हाला लांबी काय करायची? सात फूट, फार तर चार बोटं इकडेतिकडे. शेंडा नाजूक आणि चपळ हवा, माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळलं पाहिजे. खालचा दांडा मात्र दमाचा, नाहीतर मासा खडकात शिरला की बसा बोंबलत. दोरा ज्यांतून जातो त्या कड्या खाऱ्या पाण्याने गंजणार नाहीत अशा. मूठ बुचाच्या लाकडाची, ओल्या हातातून निसटत नाही. एवढं मी बघून घेईन.

पण पुढचं तू सांगायचं. तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत किती? मुठीचा मागचा भाग त्याहून लांब झाला तर दिवसभर फासळ्यांत टोचतो. ती अंगावर तरंगतं जाकीट घालते का? उभी राहते तिथे डोक्यावर छत आहे का, किती उंच? आमिष म्हणून ती गळाला लावते तो खोटा मासा वजनाला किती? तू रात्रंदिवस तिच्याकडे बघतोस असं तुझी आईच लिहिते, तेव्हा ही उत्तरं तुला तोंडपाठ असतील.

आणि तुटलेले दोन्ही तुकडे पाठव. फेकू नकोस.

कॉलेजच्या परीक्षेचा फॉर्म अजून भरता येतो, असं तुझ्या आईने लिहायला सांगितलं होतं. लिहिलं. माझं काम झालं.

आमचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस, एवढंच मागणं.

मामा

*

१५ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही रॉड निवडताय की शिंप्याकडे माप देताय? एक साधी गोष्ट विचारली तर उलट चार प्रश्न! मला काय माहीत तिचा हात कोपरापासून किती? मी तिचे डोळे सांगू शकतो, चालणं सांगू शकतो, हसताना ती आधी कुठे बघते ते सांगू शकतो. ते तुमच्या रॉडला चालत नाही.

इथे एकेक दिवस जड चाललाय. रॉड धुणं, पुसणं, तपासणं हे तिचं काम. चीर असलेला रॉड पाहुण्यांसमोर वापरलाच कसा, म्हणून कप्तानाने तिला सगळ्यांदेखत झापलं. या मोसमापासून रविवारची फेरी ती एकटी नेणार होती, बोट तिच्या ताब्यात, पहिल्यांदाच. त्यासाठी चार वर्षं घासलीत तिने. तो रविवार कप्तानाने काढून घेतला. ज्याला आपला रॉड सांभाळता येत नाही त्याला माणसं काय सांभाळता येणार, असं म्हणाला. ती नुसती मोडका तुकडा उन्हात धरून फिरवून फिरवून बघत राहिली.

कप्तानाच्या शेडमध्ये जायचीही चोरी झालीय. तिथलं दार खाऱ्या हवेने फुगलंय, लागता लागत नाही, म्हणून मी ते आपटतो, आणि आपटलं की कप्तान आतून माझा उद्धार करतो. ती कितीदा म्हणाली असेल, कडी धरून जरा वर उचल, मग आपसूक लागतं. एवढा धीर कोणाला आहे?

तुमच्यावर विसंबून राहिलो असतो तर मोसम संपला असता. म्हणून धक्क्यावरच्या दुकानातून रॉड घेऊन टाकला. नऊ फुटी, मनगटाएवढा जाड. दुकानदार म्हणाला, याने बोट ओढून नेता येईल. उद्या देणार आहे तिला.

तुकडे सोबत पाठवले आहेत. कशाला हवेत देव जाणे. रागावू नका, आणि रागावलात तर मामीला सांगू नका.

तुमचा भाचा

*

२१ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हसायचं असेल तर पत्र खाली ठेवून एकदाच काय ते हसून घ्या.

नऊ फुटी रॉड तिने हातात घेतला. पहिल्याच झटक्याला शेंडा छताच्या दांडीवर आपटला. दुसऱ्यांदा मुठीचं मागचं टोक तिच्या जाकिटाच्या पट्ट्यात अडकलं, ते सोडवताना खोटा मासा एका पाहुण्याच्या टोपीला लागला आणि टोपी समुद्रात गेली. पाहुणा हसला, कप्तान हसला नाही. तिने रॉड पुसून, दोरा नीट गुंडाळून मला परत दिला आणि म्हणाली की हा तुझ्या मापाचा आहे, तूच वापर. तिच्या आवाजात राग नव्हता, मामा. राग असता तर मी भांडलो तरी असतो.

दोन दिवस नुसत्या बादल्या आपटल्या. तिसऱ्या दिवशी तुमचं पत्र पुन्हा काढलं, चिडूनच, आणि बोटीवर गप्प बसून बघायला लागलो. तर ऐका.

बोटीच्या कडेला माशाची लांबी मोजायला इंचांच्या खुणा कोरल्या आहेत. परतीच्या वाटेवर ती दमून कडेवर हात टाकून बसते, रोज त्याच जागी. कोपर बरोबर शून्यावर येतं. मनगट साडेनऊवर. तीन दिवस बघितलं, तिन्ही दिवस साडेनऊ. जाकीट ती कायम घालते, वितळवणाऱ्या उन्हातही. छत तिच्या डोक्यावर जेमतेम दीड हात. म्हणून ती इतरांसारखा वरून गळ टाकतच नाही, बाजूने, मनगटाच्या झटक्याने टाकते. हे मी आठ महिन्यांत बघितलं नव्हतं! खोटा मासा तिच्या डबीतून उचलून तराजूत घातला, वीस ग्रॅम. आणि आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. तिच्या उजव्या तळव्याला अंगठ्याखाली घट्टा आहे. जुन्या रॉडची मूठ तिच्या हाताला जाड होती असं मला वाटतं, सहा वर्षं तिने ते कोणाला सांगितलं नाही.

मला स्वतःचा इतका संताप आलाय की काय सांगू. पण आता सगळं कळवलंय. आता तरी रॉड द्या. तो तिला दिला की सगळं सुरळीत होईल.

उत्तर लवकर पाठवा, जरा जास्त प्रेमाने पाठवलंत तरी चालेल.

तुमचा भाचा

*

२७ नोव्हेंबर

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

टोपीचा मजकूर मामीला दोनदा वाचून दाखवला. माफ कर.

सोबत रॉड पाठवतो आहे. सात फुटी, दांडा मी निवडलेला, कड्या मी बांधलेल्या, धाग्यावर लाखेचे तीन हात दिलेत. मूठ नेहमीपेक्षा बारीक केली आहे, तुझ्या घट्ट्याच्या ओळीवरून. मागचा भाग नऊ इंच. ते पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की पोराला खरंच कोणीतरी आवडतं.

आता दुसरं. तुझे तुकडे माझ्या टेबलावर आहेत. रॉड कसा मोडला ते मोडल्या जागी लिहिलेलं असतं, आणि तेवढं वाचणं हाच माझा धंदा. जुनी चीर असती तर तिच्यात मीठ शिरून पांढरी रेघ पडली असती. इथे रेघ नाही, सगळ्या कडा ताज्या. रॉड मोडलाय मुठीच्या वर बरोबर एक हात. तिथे रॉड आपणहून मोडत नाही. मासा बोटीला लागल्यावर कोणीतरी दुसऱ्या हाताने दांडा तिथे पकडला आणि रॉड उभा उचलला, म्हणजे वाकायचं तेवढं सगळं त्या एका जागी वाकलं. सहा वर्षं त्या रॉडला एक ओरखडा नाही. कड्या आतून पुसलेल्या आहेत, भडक्या, आतून. असं सांभाळणारी माणसं मी तीस वर्षांत चार बघितली.

तिनेही मोडका तुकडा उन्हात फिरवून बघितला, असं तूच लिहिलंस. तिला काय दिसलं असेल, याचा विचार कर.

रॉड चांगला झालाय, पण रविवार त्याने परत येत नाही. तुकडेही परत पाठवतो आहे. पुढचं तुला कळतं. न कळण्याइतका तू मूर्ख नाहीस, तसं फक्त आईसमोर दाखवतोस.

काहीही झालं तरी आमच्या घरात तुझी जागा आहे, हे ध्यानात ठेवून काय ते कर.

मामा

*

३ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी ते चुरगाळलं. मग इस्त्री केल्यासारखं हाताने सपाट केलं. मग पुन्हा चुरगाळलं. तुम्हाला रॉड मागितला होता, आरसा नव्हे. तीन दिवस तुम्हाला मनातल्या मनात जे जे बोललो ते इथे लिहिता येत नाही, मामीही पत्र वाचते.

काल सकाळी शेडमध्ये गेलो. कप्तान दोर तपासत होता, ती बादलीतल्या गोड्या पाण्यात रिळं धूत होती. मी टेबलावर दोन्ही तुकडे ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं की चीर नव्हती, मी दांडा मधे पकडला, ती जाळी घे म्हणत होती, मी ऐकलं नाही आणि वर खोटं बोललो. कप्तानाने एकच विचारलं, चार आठवडे गप्प का होतास? मी म्हणालो, चांगला रॉड शोधत होतो. हे ऐकायला किती भिकार वाटतं ते तोंडातून निघाल्यावर कळलं.

कप्तान ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला की रॉड मोडणारा मला चालतो, मोडलेला दुसऱ्याच्या माथी मारणारा बोटीवर चालत नाही. बोटीचं जाकीट काढून खुंटीला लाव. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला की रविवारी सहा पाहुणे आहेत, डिझेल आदल्या दिवशी भरून ठेव. तिने मान हलवली, तुकड्यांकडे वळूनही बघितलं नाही. तिला चीर नसल्याचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मामा. मी कधी बोलतो याची ती वाट बघत होती. चार आठवडे! आणि मी तिला नऊ फुटी रॉड दिला!

तुमचा रॉड मी भिंतीला टेकवला होता. तिने हात पुसले, जाकिटासकट तो काखेशी धरला, कौलाखाली मनगटाने दोनदा झटकला. शेंडा कुठेही लागला नाही. मूठ हातात बराच वेळ धरून राहिली. माप कोणी घेतलं, असं तिने विचारलं. बोटीच्या कडेवरच्या खुणांचं मी सांगितलं, कोपर शून्यावर, मनगट साडेनऊवर. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली की दहा इंचांच्या आतला मासा आपण ठेवत नाही, पाण्यात परत सोडतो.

याचा अर्थ काय लावायचा? मला सोडलं, की आधी वाढून ये म्हणाली? काल दुपारपासून याच्यावर डोकं फोडतोय. तुम्ही रॉडचे तुकडे वाचता, हे वाचून दाखवा! रॉड तिने ठेवून घेतला एवढं खरं. मला नोकरी नाही, रविवारी बोट जाईल तेव्हा मी धक्क्यावर, आणि राग कोणावर काढावा तर समोर कोणी नाही.

परीक्षेच्या फॉर्मचं आईला सध्या काही बोलू नका. नऊ फुटी रॉड तुमच्याकडे पाठवतो आहे, कोणा लांब हाताच्या माणसाला द्या. माझ्यावरचा जीव कमी करू नका, सध्या तेवढाच एक हाताशी आहे.

तुमचा भाचा

ता. क. एक लिहायचं राहिलं. जाकीट खुंटीला लावून निघालो तेव्हा तोंड लाल झालं होतं. बाहेर येऊन दार ओढलं, ते नेहमीसारखं अडलं. आत ती पुन्हा रिळं धूत होती, तो बादलीतल्या पाण्याचा आवाज थांबला. मी कडी धरून दार जरासं वर उचललं, आणि लावलं.