पुसलेला हात

प्रिय वेंडी,

प्रिय लिहिलंय ते सवयीनं. शनिवारी लंडनपर्यंत येऊन तुला न भेटताच का परतले, असं तू फोनवर विचारलंस. आपलं भांडण अर्धंच राहिलं. आईनं अंगावर सूप सांडलं आणि मला फोन ठेवावा लागला. उरलेलं इथे लिहिते.

शेजारच्या डोरीनबाईंना आईजवळ बसवून मी ग्रिम्सबीहून पहाटेची गाडी धरली आणि थेट तुझ्या चित्रांच्या प्रदर्शनात गेले. आईचा चेहरा हुबेहूब आलाय, ते नाकारत नाही. मासे कापून कापून वाकडी झालेली बोटं, ओठावरचा डाग, कुठेच न पोचणारी नजर. कसब तुझ्या हातात पहिल्यापासूनच आहे. शाळेत बाईंचं तोंड वहीत तू काढायचीस आणि बोलणी मी खायचे.

पण माझा हात कुठे गेला? मार्चमध्ये तू पाच दिवस येऊन कॅनव्हास लावलास. आई खुर्चीतून घसरायची, म्हणून पाचही दिवस मी बाजूला उभी राहून तिचा खांदा धरून ठेवला. कमरेचा काटा ढिला झाला. तूच म्हणत होतीस, "ग्लेनिस, हलू नकोस गं, हात फार छान पडलाय." तू निघालीस तेव्हा तो चित्रात होता, मी पाहिलाय. आता तिथे नुसती काळी भिंत आहे, आणि खाली पाटी: 'एकटी'.

माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बिचारी. हिला बघणारं कुणी नाही वाटतं?" तो म्हणाला, "मुलं असतील की कुठेतरी. पण हल्लीची मुलं!" मला सांगायचं होतं, की अहो बाई, हिला नऊ वर्षं न्हाऊ घालणारी, भरवणारी, हिच्या शिव्या खाणारी ही काय तुमच्या शेजारी उभी आहे. पण चोरी पकडल्यासारखी मान खाली घालून बाहेर पडले.

आणि तू फोनवर काय म्हणालीस? "हात ठेवला असता तर चित्र गुळमट झालं असतं. लोकांची नजर तुझ्याकडे गेली असती." गेली असती तर काय बिघडलं असतं, वेंडी? एकदा तरी गेली असती. वर्तमानपत्रात तुझं कौतुक आलंय, की तू म्हातारपणाचं सत्य निर्भीडपणे मांडलंस. ज्या घरात तू वर्षातून पाच दिवस राहतेस, तिथलं सत्य तुला बरं सापडलं.

हेही मी गिळलं असतं, आजवर गिळतच आले. पण मागच्या बुधवारी डॉक्टरांनी सांगितलं, की माझ्या छातीतली गाठ साधी नाही. चौदा तारखेला ऑपरेशन आहे. त्यानंतर सहा आठवडे मला आईला उचलता यायचं नाही. हे तुझ्यासमोर बसून सांगावं म्हणून लंडनला आले होते. वाटेत चित्र पाहावं म्हटलं. ते पाहिल्यावर तुझ्या दाराकडे पाय वळेनात. राग अजून गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. तरी तू ये. बारा तारखेलाच ये, म्हणजे दोन दिवस तुला सगळं दाखवता येईल. रंग आणू नकोस. आई पाचला उठते. चहा कोमट लागतो, नाहीतर तोंड भाजून घेते. अंघोळीला नाही म्हणाली तर जोर करू नकोस. बाबांच्या बोटींची नावं विचार, ती सांगता सांगता पाय टबात टाकते. ती तुला ग्लेनिस म्हणूनच हाक मारेल. चूक दुरुस्त करू नकोस. ओ दे.

काही झालं तरी तुझीच,
ग्लेनिस