प्रेमिलाचा दाखवायचा फोटो

चामोर्शी, १७ नोव्हेंबर १९५५

डोमा दिवाळीला नागपूरहून आला. कॉलेजात माझ्याच फोटोग्राफीच्या वर्गात आहे. म्हणजे मी होतो तेव्हा होता. बोर्डावर दोन कागद लागलेत म्हणे. एक, जानेवारीत विद्यार्थ्यांच्या फोटोंचं प्रदर्शन. दुसरा, आलापल्लीला जंगल खात्याला सागवानाचे फोटो काढायला एक माणूस हवा. पक्की नोकरी, नाव कॉलेज सुचवणार. अर्ध्यात सोडून गेलेलेही चालतील, फक्त गद्रे सरांना भेटून परत वर्गात बसायचं. नावं डिसेंबरअखेर जाणार.

मी म्हणालो, सरांनी सगळ्यांसमोर माझी प्रिंट वरणात बुडवून काढल्यासारखी पिवळी आहे म्हटलं. आधी त्यांनी माफी मागावी. डोमा म्हणाला, "पाय आपटून तू निंगून आला, अन् माफी सरानं मांगावं?"

मूर्ख आहे.

१८ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. आलापल्लीची नोकरी मिळाली तर मुखरूभाऊंकडे त्यांच्या प्रेमिलाला मागणी घालता येईल. आज गेलो तर ते मला त्यांच्या तळ्यातला शिंगाडाही देणार नाहीत. सोमवारी नागपूर. ठरलं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

नाही गेलो. धानाची कापणी आहे. आई म्हणाली, "काल त बांधीत पाय नाई ठेवला, आज कोठचा धान आठवला तुले?" आईशी वाद घालून उपयोग नाही.

प्रेमिला तळ्याच्या पाळीवर दिसली. माझ्याकडे पाहून हसली. सोबत तिची काकू इंदिराबाई होती, तीही हसली. पण ते हसणं वेगळं.

२८ नोव्हेंबर

भयंकर. प्रेमिलाला आरमोरीच्या एका मास्तराचं स्थळ आलं. पाहायला येण्याआधी त्यांना फोटो पाहिजे. गावात कॅमेरा एकट्या माझ्याकडे. मुखरूभाऊ स्वतः आले. "इस्तारी, बाप्पा, पोरीचा फोटो काढून दे. चांद्याले नेतो म्हटलं त सारा दिवस मोडते." मी साफ नाही म्हणणार होतो. चहा झाल्यावर हो म्हणालो.

त्याच दिवशी, दुपारी

सुचलं! लग्नाच्या मुलीचा फोटो कोणताही स्टुडिओवाला तसाच देत नाही. काचेच्या प्लेटवर पेन्सिल फिरवून रिटचिंग करतो. काचेवर शिसं लागलं की कागदावर चेहरा गोरा उमटतो. प्रेमिला सावळी आहे. मी पेन्सिलला हात लावणार नाही. मास्तराची आई फोटो पाहील आणि आल्या पावली परत पाठवील. कलेशी बेइमानी नाही आणि प्रेमाशीही नाही. असा उपाय हजारात एकाला सुचतो.

२ डिसेंबर

त्यांच्या घरामागच्या सांदवाडीत भिंतीला चादर टांगून फोटो काढला. इंदिराबाई पावडरचा डबा घेऊन आली, तर प्रेमिलानेच तिचा हात धरला. मग मला म्हणाली, "इस्तारीभाऊ, मले गोरी नोको करजा. हावो तशी निंगू द्या."

म्हणजे तिलाही हे स्थळ नको आहे! ‘भाऊ’ म्हणाली ते काकू ऐकत होती म्हणून.

संध्याकाळी कंदिलाला लाल कागद गुंडाळून प्लेट धुतली. आजवर इतका चांगला फोटो मी काढला नव्हता. डोळे पाण्यातून हळूहळू वर आले. कोणाला सांगणार?

१० डिसेंबर

मुखरूभाऊंनी प्रिंट उजेडात धरून पाहिली. "लय खरी निंगली, बाप्पा. जराशी पेन्सिल मारता येत नाई का?" मी भडकलो. म्हणालो, मी फोटोग्राफर आहे, भिंतीला चुना लावणारा नाही. ते मान खाली घालून घेऊन गेले. जरा जास्तच बोललो. पण योजनेसाठी बोलावं लागतं.

१९ डिसेंबर

आरमोरीहून उत्तर नाही. म्हणजे नकार. इतके दिवस होकार कोणी दाबून ठेवतं का?

डोमाने नागपूरहून येणाऱ्या माणसाकडे निरोप धाडला, "जागा एकच हाय, झटकन ये." आता घाई कशाची? स्थळ मोडलंच आहे. सर वाट पाहतील.

रात्री जेवलो नाही. आई म्हणते चेहरा उतरला. कलेचा ताण आहे.

२९ डिसेंबर

मास्तर, त्याची आई आणि मामा बैलगाडी जुंपून आले. पाहणं झालं. होकार.

होकार!

मास्तराच्या आईने मला मुद्दाम बोलावून घेतलं. "पाच ठिकानचे फोटो पाह्यले, बाबू. साऱ्या पोरी पिठात लोळल्यावानी. घरी गेलो त दुसऱ्याच निंगाल्या. हे पोरगी मात्र फोटोत होती तशीच दारात उभी. म्हटलं, जे लोक फोटोत लबाडी नाई करत, ते सोयरिकीत काय करतीन?" सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. मुखरूभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आतून प्रेमिलाचा हसण्याचा आवाज येत होता. रडतही असेल. भिंतीआडून सारखंच ऐकू येतं.

उद्या नागपूर. आलापल्लीचा कागद हातात घेऊनच मुखरूभाऊंसमोर उभा राहीन. सोयरिकी मोडतात. पुष्कळ मोडतात.

२ जानेवारी १९५६, नागपूर

नदीवर डोंगा उशिरा सुटला, मूल स्टेशनात गाडी चुकली. मग कॉलेजला सुट्टी. आज गद्रे सर भेटले. नावं शनिवारीच गेली. डोमाचं गेलं.

प्रेमिलाची एक प्रिंट मी ठेवून घेतली होती, ती दाखवली. सर खिडकीशी नेऊन पाहत राहिले. म्हणाले, हे आधी का नाही आणलंस? मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, ताप उतरला का? मी आजारी पडून गावी गेलो, अशी त्यांची समजूत. मी पाय आपटले ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

प्रदर्शनात लावू म्हणाले, मुलीच्या वडिलांची परवानगी आण. मुखरूभाऊंना कोणत्या तोंडाने विचारू? प्रिंट परत घेतली. डोमाने चहा पाजला. प्यालो.

११ फेब्रुवारी, चामोर्शी

उद्या लग्न. जाणार नाही. अंगात कणकण आहे, खरीखुरी. आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि पुन्हा कामाला लागली.

१२ फेब्रुवारी

मुखरूभाऊ स्वतः न्यायला आले. "तुझ्याबिगर फोटो कोन काढन, बाप्पा?" गेलो.

मांडवाबाहेर दोघांना उभं केलं. मास्तर लाजून हातभर लांब. तसंच काढून टाकणार होतो. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं. काचेवर दोघं उलटे दिसत होते आणि मधे ती रिकामी जागा. फ्रेम फार वाईट दिसत होती. बघवेना.

मीच म्हणालो, "मास्तर, जवळ सरका."

थोडा सरकला.

"अजून."