तीन पावसाळे गोपिकाताईंच्या हाताखाली

मी, चंद्रभान किसनराव ढोबळे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मनीषनगर, नागपूर, कुणाच्याही दडपणाविना व पूर्ण शुद्धीत ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझी पत्नी अंजनाबाई हिला तो पटत नाही, पण इथे तिची सही लागत नाही.

१. मनीषनगरचे राहते घर आणि बँकेतील ठेवी अंजनाबाईला. माझ्या पश्चात तिने कुणाच्या घरी राहायला जाऊ नये. ज्याला तिची आठवण येईल त्याने इकडे यावे.

२. दोन्ही रोलर आणि टिप्पर मुलगा सुशील याला. यंत्रांतले त्याला कळते, हे मान्य.

३. रुपराव हा माझा पहिला भागीदार. "रस्त्याच्या धंद्यात माती तपासाची लॅब काहाले पाहिजे गा?" असे म्हणून तो वेगळा झाला. त्याला माझे गमबूट. त्याने केलेल्या रस्त्यांवर पावसाळ्यात लागतील.

४. आता मुख्य मालमत्ता. ढोबळे-लांजेवार पेव्हमेंट इंजिनिअर्स या कंपनीत माझे निम्मे शेअर आहेत. उरलेले निम्मे आमच्या इंजिनिअर गोपिका लांजेवार यांचे. पाटीवर माझे नाव आधी, म्हणून लोक मलाच मालक समजतात. मी कामे आणली, माणसे जमवली, पुढाऱ्यांना चहा पाजला. रस्ते मात्र ताईंच्या डोक्यातून उतरले. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. वर कितीही डांबर ओता, खालून ती रस्ता उचलून टाकते. ताईंनी आधी माती तपासली, मग तिच्यात चुना मिसळायला लावला. मजूर हसले आणि मी त्यांच्याहून जास्त. "पान लावून राहिल्या का, ताई?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "हो भाऊ. रंगते का नाही, ते पावसाळ्यात पाहा." तो रस्ता आजही सपाट आहे.

पण हुशार माणसे नागपुरात पुष्कळ आहेत. मी ताईंना मानतो ते बेसा भागातल्या एका लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या, कामापासून. तिथला आम्हीच केलेला रस्ता एका जागी खचला. अजून कुणाच्या लक्षात आले नव्हते. सुशील म्हणाला, "ताई, थिगळ मारून टाकू. कोणाले समजते?" ताईंनी तिथूनच लेआउटच्या शेठजींना फोन लावला. "शेठजी, आमचा रस्ता खचला. या पाहाले. काहून खचला ते खोदून दाखवतो." खोदल्यावर कळले की खालचे पाणी बाहेर जायला वाट कमी पडली होती. सगळ्या नव्या इंजिनिअरांना त्यांनी त्या खड्ड्याभोवती उभे केले आणि म्हणाल्या, "डिझाइन माझं होतं. चूक माझी हाये." तेव्हापासून आमच्याकडे कुणी चूक लपवत नाही. मला इतका अभिमान स्वतःच्या कामाचाही कधी वाटला नाही. शेठजींनी पुढे दुसऱ्या लेआउटचे कामही दिले, पण फोन लावताना ताईंना ते ठाऊक नव्हते.

५. सुशीलला ही कंपनी एका बड्या ठेकेदाराला विकायची आहे. त्या ठेकेदाराला आमचे नाव हवे आहे, लॅब नको आणि ताई तर नकोतच. म्हणून माझे सर्व शेअर मी गोपिका लांजेवार यांना देतो. सुशीलने त्यांच्या हाताखाली तीन पावसाळे काढावेत. त्यानंतर तो त्यांना लायक वाटला, तर त्यांनी हे शेअर त्याला द्यावेत. न वाटल्यास देऊ नयेत. "भाऊ, हा पोराचा हक्क हाये," असे म्हणून ताई नकार देतील. आजवर मी त्यांचे ऐकले, एवढे एक त्यांनी माझे ऐकावे.

६. वरील कलम मी सुशीलला समोर बसवून वाचून दाखवले. तो चिडला, उठून आईकडे गेला, तिथेही काही जमले नाही म्हणून परत आला.

"अन् तीन पावसाळ्यांनंतर ताईनं मले नापास केलं त?"

"त तू नापास असशीन, बाबू."

हे उत्तर बदलण्याचा अधिकार मी माझ्या पश्चात कुणालाही देत नाही.

सही: चंद्रभान किसनराव ढोबळे

लिहिणाऱ्याने हे आमच्यादेखत वाचले व सही केली. आम्हीही त्याच्यादेखत सह्या केल्या.
साक्षीदार: डॉ. मयुरा गिरडकर, धरमपेठ
साक्षीदार: ओमप्रकाश भोयर, बेसा

ठिकाण: नागपूर
दिनांक: ८ जानेवारी २०२५