हाकेला ओ

रविवार, ४
पोचलो एकदाचा. मावशीने दारातच गालावरून हात फिरवला आणि किती वाळलास रे म्हणाली. वजन ब्याऐंशी किलो आहे, हे मी तिला सांगितलं नाही. काकांना जाऊन आठ महिने झाले. त्यांचा जुना संगणक शेवटच्या घटका मोजतोय आणि त्यातली त्यांची रोजची टिपणं तिला कागदावर हवीत. माझ्या संगणकाच्या पोटात त्यांचा संगणक जसाच्या तसा चालवायचा, हॉलमधल्या प्रिंटरला जोडायचा आणि मंगळवारी सहाच्या गाडीने सटकायचं. बुधवारी आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आहे. पट्टी सुटेपर्यंत उशाशी बसेन असं कबूल केलंय.

मुक्काम काकांच्याच खोलीत. आजारपणाची शेवटची सहा वर्षं ते इथून बाहेर पडले नाहीत. दाराला आतून कडी नाही, मूठ नाही, खाली ताट सरकवायला झडप तेवढी आहे. दार लोटू नकोस, असं मावशीने बजावलंय.

सोमवार, ५
काकांचा संगणक सुरू झाला. संगणकाच्या पुस्तकात अशाला पाहुणा म्हणतात आणि माझ्याला यजमान. मी स्वतःच इथे पाहुणा, त्यात हा पाहुण्याचा पाहुणा. जोडणी मात्र अर्धवट झालीय. त्याची हाक बाहेर जाते, बाहेरची त्याला पोचत नाही, त्यामुळे प्रिंटर ढिम्म.

टिपणं उघडली. सहा वर्षांतला प्रत्येक दिवस आणि दर दिवशी एकच ओळ: बाहेर जायचंय. हे मावशीला कुठल्या तोंडाने छापून देऊ? फार वाईट वाटलं.

मंगळवार, ६
घाईत घोडचूक केली. पाहुण्याला घरच्या नेटवर्कमध्ये वेगळा पत्ता द्यायचा होता, मी माझाच देऊन बसलो. एका पत्त्यावर दोघे असले की हाकेला जो आधी ओ देईल तोच खरा धरला जातो. त्याने आधी ओ दिली. माझा संगणक बाहेर फेकला गेला आणि प्रिंटर सुरू झाला. उघड्या दारातून मावशीने कागद आणून दिला. आजची तारीख, खाली एकच शब्द: निघालो.

ती गेली आणि वाऱ्याने दार लागलं. ठोकून ठोकून हात सुजलेत. खिडकीला गज आहेत. सहा वाजून गेले.

बुधवार, ७
पत्ता बदलतो, पुन्हा तोच येतो. वायर उपटली, बॅटरी काढली. संगणकाचा पडदा उजळलेलाच.

फोन फक्त आईला लागतो. ऑपरेशन छान झालं म्हणाली, आणि कोण बोलतंय विचारलं. सांगितलं तर हसली. मुलगा कालपासून उशाशीच आहे म्हणे. घसा बसलाय म्हणून बोलत नाही, नुसता हात धरून असतो. हात जरा गार लागतो, म्हणाली.

मी ओरडलो. तिने फोन ठेवला.

गुरुवार, ८
झडपेतून ताट. दार उघड म्हणून रडून विनवलं. गोळ्या वेळेवर घ्या, म्हणाली मावशी.

घ्या. मला. जन्मापासून अरेतुरे करते मला —

टिपणात नवी ओळ, तारीख मंगळवारचीच: पोचलो.

शुक्रवार, ९
पट्टी दहाला सुटणार. पावणेदहा झालेत. आई डोळे उघडेल तेव्हा समोर —

फोन लावला. उचलणाऱ्याचा आवाज माझाच. घसा बरा झालाय. मागून आईने माझं नाव घेऊन हाक मारली. मी तोंड उघडलं, आवाज फुटेना. ओ त्याने दिली.

मावशी दाराशी आलीय. अहो, म्हणतेय. मी गप्प.

पुन्हा — अहो.

नाही देणार. जीभ दाताखाली धरलीय. नाही —

तिसऱ्यांदा. आणि माझ्याच तोंडातून, काकांच्या आवाजात, ओ