उरलेले अर्धे तेल

मी, श्रीमती हेमलता गुरुनाथ मयेकर, वय एकसष्ट, मूळ गाव रत्नागिरी, गेली अठ्ठावीस वर्षे सौदी अरेबियात यान्बू येथे परिचारिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बाकी शरीराची हमी देत नाही, कारण छातीतला कर्करोग मणक्यात उतरला आहे आणि डॉक्टर हल्ली पुढची तारीख जरा चाचरतच देतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. गुंगीत लिहिले असे कोणी म्हणू नये म्हणून सकाळचे मॉर्फिन लिहून झाल्यावर घेणार आहे. मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरुवात केली.

कलम १. माझा देह रत्नागिरीला न्यावा. कफील म्हणजे इथला हमीदार मालक, दूतावास आणि विमान कंपनी यांच्या कागदांत पंधरा दिवस गेले तरी हरकत नाही, मला कुठे घाई असणार आहे. हे काम मुलगा शर्विल याने करावे. तो रियाधला अल मलाझमध्ये राहतो, बँकेत आहे, आणि कागद बिनचूक लावण्यात वडिलांवर गेला आहे.

कलम २. माझी बँकेतली सर्व शिल्लक आणि नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम शर्विलला द्यावी. शर्विल, तू दोन वर्षे बहिणीशी बोलत नाहीस. ती गांजाला कायद्याने मोकळीक द्या म्हणून व्यासपीठावरून बोलते आणि तुझ्या ऑफिसात कोणी तिचा व्हिडिओ पाहिला तर तुझा इकामा, इथे राहण्याचा परवानाच, धोक्यात येईल, ही तुझी भीती मला कळते. पण दिवाळीला तिचा फोन न उचलण्याइतकी ती भीती मोठी नव्हती.

कलम ३. माझे युनिफॉर्मवर लावायचे घड्याळ हैदराबादच्या कुबरा सिस्टरला पाठवावे. कारण लिहून ठेवते. आमच्या वॉर्डात मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. अर्धे इंजेक्शन वापरून अर्धे उरले तर ते दुसऱ्या सिस्टरसमोर ओतून द्यायचे आणि दोघींनी सही करायची, असा नियम. चौदा वर्षांपूर्वी एका गर्दीच्या दिवशी कुबराने उरलेले एकटीने ओतले. मी तिची तक्रार केली. ती रडून सांगत होती की दुसरे कोणी मोकळे नव्हते. मी म्हटले, नियम म्हणजे नियम. तिला महिन्याभरात कायमचे घरी पाठवले. ती खरे बोलत होती हे मला तेव्हाही ठाऊक होते.

कलम ४. रत्नागिरीचा माझा स्वकष्टार्जित फ्लॅट मुलगी आसावरी हिला द्यावा.

आसावरी टोरांटोत वकील आहे. दर शुक्रवारी फोनवर आमचे भांडण ठरलेले. ती म्हणायची, दारू चालते, तंबाखू चालतो, शिवरात्रीला भांग चालते, आणि वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला मात्र गुन्हेगार ठरवता. मी म्हणायची, तू बेडीने खाटेला बांधलेला बावीस वर्षांचा पेशंट पाहिलेला नाहीस, मी पाहिला आहे. ती म्हणायची, आई, त्याला बेडी कोणी घातली, गांजाने की कायद्याने? यावर मी विषय बदलत असे.

गेल्या महिन्यात ती पुण्याला याच विषयावर बोलायला आली होती. तिथून रत्नागिरीला गेली आणि शेजारच्या खैरुन्निसाबरोबर माझ्यासाठी सामान दिले. खैरुन्निसा उमऱ्याला येत होती. मेतकूट, आमसुले आणि नारायण तेल. गल्फमध्ये येणारा माणूस दुसऱ्याचे सामान आणतोच, त्यात विचारण्यासारखे काही नसते. मदिनेहून जेद्द्याला जाताना ती भाच्याच्या, मुनाफच्या गाडीतून वाट वाकडी करून माझ्याकडे आली, जेवली, सामान ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी आसावरीने फोनवर सांगितले की ते तेल लावायचे नाही, जिभेखाली तीन थेंब घ्यायचे. नारायण तेलाची बाटली धुऊन तिने त्यात कॅनडाचे गांजाचे तेल भरले होते. तुझ्या मोकळ्या देशानेसुद्धा ते सीमेबाहेर न्यायची परवानगी दिलेली नाही, हे वकिलाला मी सांगायचे का? इथे तर तस्करी ठरली की माणूस जिवाला मुकू शकतो. मी फोन ठेवला आणि दोन दिवस बाटलीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी तीन थेंब घेतले. लपवत नाही. मॉर्फिनने दुखणे थांबायचे, पण अन्न पोटात ठरत नव्हते. त्या दिवशी मी वरणभात जेवले आणि तो पोटात राहिला. चार दिवस जेवले. आसावरी, एवढ्यापुरते तुझे खरे आहे, आणि हे मी तुला तोंडाने कबूल करणार नाही म्हणून इथे लिहिले.

कलम ५. माझ्या चार सोन्याच्या बांगड्या खैरुन्निसाला द्याव्यात. माझ्या मुलीच्या मूर्खपणाचे ओझे तिने न कळता वाहिले आणि देवाच्या दयेने ती सुखरूप पार पडली. बांगड्या तिच्या मनगटात जातील का ते विचारून घेते आणि माप लिहिते.

बुधवार, दुपार. वरचे कलम अर्धवट राहिले आहे. बांगड्यांचे नाव न काढता, सहज विचारावे म्हणून मी खैरुन्निसाला फोन केला. ती जेद्द्याला बलदमध्ये भाच्याकडे आहे आणि तिचे विमान शुक्रवारी आहे. तेल छान आहे, असे मी आभार म्हणून बोलून गेले. ती म्हणाली, "वैनी, काचेची बाटली फुटते म्हणून मी ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतलं. सगळं मावलं नाय. उरलं ते अर्धं माझ्याकडंच आहे, गुडघ्यांना लावते. चालेल ना?"

अठ्ठावीस वर्षे गल्फला ये-जा करणाऱ्यांचे सामान मी पाहते आहे. सगळ्या बायका हेच करतात. काचेचे प्लॅस्टिकमध्ये ओततात, वर पिशवी, त्यावर चिकटपट्टी. माझ्याकडे आलेली बाटली प्लॅस्टिकची होती. ती रोज हातात घेऊनही हे माझ्या लक्षात आले नाही.

परवा तिची बॅग जेद्द्याच्या विमानतळावर तपासली जाईल. कुत्रा हुंगेल, किंवा हुंगणार नाही. त्याने हुंगले तर तिला काय विचारत आहेत तेही तिला समजणार नाही. फोनवर स्पष्ट सांगायची माझी हिंमत झाली नाही. एवढेच म्हटले की ते तेल कोणाला देऊ नकोस आणि बॅगेत भरू नकोस, मी उद्या येते. तिने विचारले, एवढ्या दुखण्यात का? मी म्हटले, तुला बघायला.

शर्विलला फोन लावला आणि पहिली घंटा वाजायच्या आत कापला. त्याला सांगितले तर त्यालाही गोवल्यासारखे होईल. माझ्याकडचे तेल मोरीत ओतले, बाटली उकळत्या पाण्याने धुतली. ओतताना शेजारी दुसरे कोणी नव्हते. कुबरा आठवली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. बलद, जेद्दा. सकाळी टॅक्सीने निघाले. वाटेत तपासणी नाक्यावर पोलिसाने इकामा मागितला आणि माझ्याकडे नको तितका वेळ बघत राहिला. माझ्या पिशवीत काही नव्हते, पण रक्तात होते. ड्रायव्हरने मी आजारी आहे, डॉक्टरकडे चालले आहे असे सांगितले. पोलिसाने इकामा परत दिला, वर एक पाण्याची बाटली दिली. मला त्याची लाज वाटली.

खैरुन्निसा मुनाफच्या दुकानावरच्या खोलीत होती. पलंगावर अर्धी बॅग भरलेली. मी आधी बाटली मागितली. तिने उशाखालून काढून दिली, कारण सकाळीच गुडघ्यांना लावले होते. मग मी तिला सगळे सांगितले. आसावरीने काय भरले होते, मला कधी कळले, आणि कळल्यावरही मी आठ दिवस तिला काही बोलले नाही, हेही सांगितले. ती धोक्यातून पार पडली या समजुतीत मी वरणभात जेवत होते.

तिने ओरडून घेतले असते तर बरे झाले असते. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "वैनी, बॅग माझी होती ना? मग मला कोणी विचारलं का नाय? मी आणलंही असतं कदाचित तुमच्यासाठी. पण मला विचारायचं तरी."

मी तिला मोरीशी उभे राहायला सांगितले आणि तिच्या डोळ्यांसमोर तेल ओतले. उरलेले दुसऱ्यासमोर ओतायचे, एवढे तरी यावेळी पाळले. तिने स्वतः वरून दोन बादल्या पाणी टाकले, गुडघे साबणाने धुतले आणि बॅग पुन्हा पूर्ण रिकामी करून एकेक कपडा झटकून भरला. मुनाफ सगळे ऐकत दारात उभा होता. त्याच्या गाडीतूनच ते सौदीत फिरले होते. तो खाली गेला आणि गाडीची डिकी धुऊ लागला.

आता कलम ४ बदलते. फ्लॅट आसावरीलाच, पण एका अटीवर. तिने माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत रत्नागिरीला जाऊन, खैरुन्निसासमोर बसून, काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. फोनवर नाही, पत्राने नाही. खैरुन्निसाला आधीच माहीत आहे, तरी सांगावे. ती येऊन बोलली हे खैरुन्निसाने लिहून दिल्याशिवाय माझ्या रत्नागिरीच्या वकील क्षमा लिमये यांनी किल्ली देऊ नये. मुदत टळल्यास फ्लॅट शर्विलचा.

आसावरी, कायदा बदलायला हवा हे मला पटले आहे. भर सभेत माझे नाव घेऊन सांगितलेस तरी चालेल. पण तो बदलेपर्यंतचा धोका तू स्वतःच्या अंगावर घेतला नाहीस. जिला नाही म्हणायची संधीच दिली नाहीस, तिच्या अंगावर टाकलास. आणि मी गप्प राहून तुला साथ दिली. मला तुझा राग आहे आणि तुझी फार आठवण येते, दोन्ही एकाच वेळी.

कलम ५ रद्द. बांगड्यांचे ऐकून खैरुन्निसा म्हणाली की या गोष्टीबद्दल ती काही घेणार नाही. बांगड्या शर्विलच्या मुलीला द्याव्यात.

कलम ६. हे कागद वकिलांपर्यंत रत्नागिरीला पोचायचे आहेत आणि पोस्टावर माझा भरवसा नाही. यात मी जे कबूल केले आहे ते इथे कोणी वाचून घेतले तर नेणाराही अडचणीत येईल. म्हणून खैरुन्निसाला विचारले, नेशील का? ती म्हणाली, आधी मला वाचू दे. ती आत्ता पहिल्या पानापासून वाचते आहे. चष्मा मुनाफचा लावला आहे. तिने नाही म्हटले तर मी हे फाडून टाकीन आणि जमेल तेव्हा पुन्हा लिहीन.

वरील सर्व माझे आहे. खाडाखोड जिथे आहे तिथे शेजारी सही केली आहे.

सही: हेमलता गुरुनाथ मयेकर
स्थळ: बलद, जेद्दा. दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमोर हेमलता मयेकर यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार पहिला: मुनाफ इस्माईल काझी

साक्षीदार दुसरी: खैरुन्निसा दाऊद मुकादम. सगळी पानं वाचली. दोन ठिकाणी रडू आलं, एका ठिकाणी राग आला. लिफाफा मी उद्या घेऊन जाते. यात काय आहे ते मला माहीत आहे.