रेशमीचा ओटा

मी, ताहेर अहमद वल्द यासीन अहमद, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार जवाहर रोडच्या मागची गल्ली, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी अक्कल शाबूत आहे. नजर कमी झाली आहे, पण लिहिण्यापुरती पुरते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. धाकटा भाऊ उजैर याचा होता. तो मी मानलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

घरात आम्ही उर्दू बोलतो. हे मराठीत लिहितो, कारण दुकान काढण्यापूर्वी काही वर्षे दर्यापूरच्या कॉलेजात मी ही भाषा शिकवली, आणि माझ्या वकील देवश्री यांना उर्दू येत नाही.

१. मी लग्न केले नाही. वारस दोन: उजैर, राहणार अकोला, आणि बहीण शकीला, राहणार अचलपूर. दफनाचा खर्च आणि देणी वजा जाता जे उरेल, त्यातले दोन तृतीयांश शरियतीप्रमाणे या दोघांचे आहे. त्यावर माझी इच्छा चालत नाही. उरलेल्या एक तृतीयांशावर चालते. याबद्दल तक्रार नाही. माणसाने जाताना फार बोलू नये म्हणून ही मर्यादा घातली असावी.

२. अकोल्याचे अकोट फैलातील घर आणि बाळापूरची शेती उजैर व शकीला यांनी वाटून घ्यावी. घराच्या गच्चीवर उजैरने मला न विचारता टिनाची खोली काढली. तिचे पाणी वडिलांच्या खोलीत गळते. ती त्याने पाडावी. हे बंधनकारक नाही. मी लिहून ठेवले आहे, एवढे त्याला माहीत असावे.

३. लग्नाच्या फोटोंवर माझे पोट भरले. त्याखेरीज अमरावती, अकोला आणि आसपासच्या गावांत रस्त्यावरची माणसे आणि त्यांच्याजवळची कुत्री यांचे फोटो काढले. ते कोणी मागितले नव्हते. फोटो काढू का, असे विचारले की माणूस आधी कुत्र्याला दूर लोटतो, मग कॉलर नीट करतो. कुत्रे थोड्या वेळाने परत येऊन पायाशी बसते. ते परत येईपर्यंत मी थांबत असे. माझी कला एवढीच.

कुत्रे कोणाचे, असेही मी विचारत असे. चहावाले, हमाल, भाजीवाल्या बाया, सगळ्यांचे उत्तर एकच: ‘माहं नाई जी. इथंच राह्यते.’ नाव विचारले की मात्र लगेच सांगत.

या सर्व निगेटिव्ह आणि जुना कॅमेरा शकीलाची मुलगी नगमा हिला द्यावा. ती अचलपूरहून एसटीने येते तेव्हा खिडकीतून फोटो काढते. ते हललेले येतात. शिकेल. कॅमेऱ्याचे शटर थंडीत अडकते, म्हणून हिवाळ्यात तो स्वेटरच्या आत धरावा. कोणताही फोटो कापून छापू देऊ नये. पुण्याच्या एका प्रदर्शनवाल्याने माझ्या फोटोंतली माणसे कापली आणि नुसत्या कुत्र्यांचे कॅलेंडर काढले. पहिल्या पानावर एका भाजीवालीचा अंगठा राहून गेला होता. त्या कॅलेंडरची प्रत दुकानात सापडल्यास रद्दीत द्यावी.

४. अकोल्याचे खुशालराव यांच्या अल्सेशियन कुत्र्याचा फोटो मोठा करून ठेवला आहे. त्यात कुत्र्याची साखळी धरून त्यांच्याकडे काम करणाऱ्या संध्याबाई उभ्या आहेत. कुत्रा त्यांच्या पावलावर बसला आहे. खुशालरावांनी बाईंना काढून फोटो मागितला. कुत्रा आपला असल्याचे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरे होते. तो फोटो संध्याबाईंना द्यावा. खुशालरावांना काही द्यायचेच झाले तर त्याच जागेचा भिंतीचा फोटो आहे. त्यात कोणी नाही.

५. आता दुकान.

दुकान, त्यापुढचा ओटा आणि ओट्यावरचे पत्र्याचे छत मी शेषराव यांना देतो. ते ओट्यावर इस्त्री करतात. त्यांचे माझे नाते नाही. देवश्री यांनी हिशेब करून पाहिला. दुकान माझ्या तृतीयांशात बसते. वारसांच्या संमतीची गरज नाही.

कारण लिहितो. ओट्यावर एक म्हातारी कुत्री राहते. आली तेव्हा तिच्या अंगावर केस नव्हते, म्हणून शेषरावने तिचे नाव रेशमी ठेवले. आता तिला ऐकू येत नाही. दुपारी ती दुकानाच्या दारात आडवी पडते आणि गिऱ्हाईक तिला ओलांडून आत येते. तिची लाळ लागलेल्या कपड्यांनी नमाजला जाता येत नाही, म्हणून दुकानाच्या खुंटीवर माझा एक धुतलेला शर्ट असतो. तो शेषराव न सांगता इस्त्री करून ठेवतो.

माझ्या मागे उजैर दुकान विकेल. गिऱ्हाईक तयार आहे, मोबाईलवाला. तो ओटा फोडून काच लावणार आहे. रेशमीला दुसऱ्या गल्लीतली कुत्री शिरू देणार नाहीत, आणि गाडीचा हॉर्न तिला ऐकू येणार नाही.

उजैर दर शुक्रवारी कापड घ्यायला अकोल्याहून येतो. दुकानात येत नाही. वाटेत कुत्री पडलेली असते म्हणतो, आणि परतीच्या गाडीपर्यंत ओट्यावरच बसतो. मागच्या शुक्रवारी त्याला मी हे कलम वाचून दाखवले. तो माझ्याशी उर्दूत बोलतो. शेषरावला ऐकवायचे असले की वऱ्हाडीत.

‘मोबाईलवाला नगदी देऊन राहिला, भाई. आन् तुमी कुत्रीपायी इस्त्रीवाल्याले दुकान देता?’

शेषराव इस्त्री न थांबवता म्हणाला, ‘मले बी आताच समजून राहिलं, उजैरभाई. आधी मालूम असतं त म्हैसच बांधली असती. बंगला भेटला असता.’

उजैर हसला नाही. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, ‘वसीयत में कुत्ती का नाम? लोग हसेंगे, भाई.’

मी म्हणालो, ‘हसने दो.’

त्यावर तो उठून गेला. गाडीला अजून बराच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी देवश्री आल्या. शेषरावने रेशमीला मरेपर्यंत ओट्यावर ठेवावे, अशी अट मी दुकानाला घातली होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

‘सर, मुस्लिम कायद्यात ही अट टिकणार नाही. दान टिकेल, अट गळून पडेल. दुकान हातात आल्यावर तो तिला हाकलू शकतो.’

‘मग?’

‘मग तुमचा भरवसा. आणि कुत्री तुमची आहे का, तेही लिहा. कागदात मोघम चालत नाही.’

मी शेषरावला आत बोलावले. रेशमीला ठेवशील का, असे विचारले. तो म्हणाला, ‘मी काहून ठेवू? माही थोडीच हाय थे!’ आणि तिला ओलांडून बाहेर गेला. जाताना पाय उंच उचलला. ती जागी झाली नाही.

मी अट खोडली. खोडलेली ओळ वाचता येते, ती तशीच ठेवली आहे. दुकान शेषरावला विनाअट देतो.

रेशमी माझी आहे.

६. डिजिटल कॅमेरा विकावा. दिवे आणि पडदे ज्याला हवे त्याने न्यावेत. मला अमरावतीतच दफन करावे. माझा फोटो कुठे लावू नये.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवश्री यांनी करावी. वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही केली. खाली वारसांसाठी जागा सोडली आहे. त्यांना काही लिहायचे असल्यास लिहावे. न लिहिले तरी कागद खरा.

ठिकाण: अमरावती
दिनांक: १२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

सही: ताहेर अहमद

साक्षीदार:
१. पुष्कर मुधोळकर, औषध दुकानदार, शेजारी
२. शाइस्ता परवीन, शिक्षिका, अमरावती

वारस:

शकीला यांनी फोनवर ऐकले. हरकत नाही म्हणाल्या. (पुष्कर मुधोळकर यांच्या हस्ते नोंद.)

मी उजैर अहमद. सगळे वाचले. मला पटलेले नाही. कोर्टात जाणार नाही. शेषरावसाठी लिहितो: रेशमीला कोरडी भाकर टाकू नये, डाव्या बाजूचे दात पडले आहेत. मी चहात भिजवून देतो. साखर कमी.

सही: उजैर अहमद