विहिरीतले मासे

ता. ४ जुलै
चि. धाकटीस अ. आ.

माशांची बादली खाली सोडून, दोर पायाखाली दाबून लिहितो आहे. मासे पाण्यात सुटले की ती वर ओढायची. तुझी चिमी शेजारी बसून एकेकाला नाव देते आहे. गल्लीतल्या सगळ्या छपरांचं पाणी आता नळ्यांनी विहिरीत उतरतं. मुलाम्याच्या कारखान्याचा मालक आढेवेढे घेत होता. त्याचंही छप्पर जोडून घेतलं. इतकी वर्षं विहीर कोरडी होती, आता चार हात दोर सोडला की पाणी लागतं. मासे जिवंत तोवर पाणी पिण्याजोगं, असं गल्लीत ठरलं आहे. लेकीची काळजी सोड, स्वतःची घे.

तुझा दादा

ता. ११ जुलै
ती. दादास सा. न. वि. वि.

चिमीचं पत्र आलं. लिहिते, मामा दर दोन दिवसांनी नवे मासे आणतो, जुने गावाला गेले म्हणतो. दादा, विहिरीतले मासे कुठल्या गावाला जातात? आपला पोपट मेला तेव्हा मलाही तू हेच सांगितलं होतंस. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, पोट दुखतं. त्या कारखान्यात भांडी कसल्या विषारी रसायनात बुडवतात, ते तुला ठाऊक आहे. त्याची वाफ छपरावरच बसते. नळी काढ. गल्लीला सांग. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

धाकटी

ता. १५ जुलै
चि. धाकटीस अ. आ.

पोट कच्च्या फळांनी दुखलं. एक नळी काढली की सगळे विचारतील, मग एकेक जण आपली काढेल आणि विहीर पुन्हा कोरडी. दोन पावसांत छप्पर धुऊन निघेल. तरी तुझ्या शब्दाखातर रविवारच्या बैठकीत सांगतो. पूर्वीसारखी भांडत राहा.

दादा

ता. २० जुलै
प्रिय वन्संस स. न.

काल बैठक झाली. हे बोलायला उठले, तोच शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या की तुमच्यामुळे आमच्या दारात पाणी आलं. टाळ्या पडल्या. हे खाली बसले. संध्याकाळी मी विहिरीत डोकावले, तर पाचही मासे उलटे तरंगत होते. मीही कुणाला काही बोलले नाही. आम्हाला दूर लोटू नका.

आज सकाळी चिमीला पहिल्या बसने वाहकाच्या स्वाधीन करून तुमच्याकडे पाठवलं. परत येताना पाहिलं, विहिरीत पाच नवे मासे फिरत होते आणि लोक रांगेने हंडे भरत होते. शिंपीणकाकूंनी सांगितलं, मी घरात पिशवी बांधत होते तेव्हा चिमीने विहिरीतले जिवंत मासे पाहिले आणि प्रवासाची बाटली तिथेच भरून घेतली.

वहिनी